गुलमर्गहून येवल्याला ट्रंककॉल

त्या वर्षी आमची एल.टी.सी. वाया जाणार होती. माझे यजमान नाशिक रोडला प्रेसमध्ये, म्हणजे नोटांच्या छापखान्यात. काही वर्षांतून एकदा सरकारी खर्चानं सहकुटुंब कुठंही लांब जाऊन यायची सवलत असायची. मुदत संपत आली की आमच्या कॉलनीत सगळ्यांना एकदम देश बघायची हौस यायची. बहुतेक जण कन्याकुमारीला जात, नाहीतर काशीला. शेजारच्या भाऊजींनी मात्र भलतंच काढलं: काश्मीर, तेही भर थंडीत, आणि तेही बर्फावरून घसरायला.

भाऊजी यांच्याच सेक्शनला होते. सुट्टी लागली की अंजनेरी, ब्रह्मगिरी करत सुटायचे. गुडघे फोडून यायचे आणि सोमवारी लंगडत कामावर जायचे. त्यांची बायको म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका. ती माझी मैत्रीण. दोघी एकाच वर्षी कॉलनीत आलो. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, आमच्या भिंतीवर विठोबाची, आणि दोन्ही खिळे एकाच भिंतीत दोन बाजूंनी ठोकलेले. त्यांना नऊ वर्षांची मुलगी. मला पाच वर्षांची. चौघं मोठी आणि दोन मुली, असं ठरलं. दिल्लीच्या गाडीचं रिझर्वेशन झालं, गुलमर्गच्या हटला मनीऑर्डर गेली, कॉलनीभर फिरून माकडटोप्या आणि स्वेटर गोळा झाले.

निघायच्या तीन दिवस आधी माझ्या लेकीचा उजवा गाल सुजला. संध्याकाळपर्यंत डावा. डॉक्टर म्हणाले, "गालगुंड. आठ-दहा दिवस ताप येईल-जाईल. प्रवास अजिबात नको."

मी बॅगेतले कपडे काढून परत कपाटात ठेवायला लागले. यजमान दारात उभे राहून बघत होते.

"तुम्ही जा," मी म्हटलं. "मी राहते."

"सगळे मिळून ठरवलं होतं ना? तुझ्याशिवाय काय जायचं?"

"पोरीला असं टाकून मला नाही यायचं."

"टाकून कसलं? तुझी आई आहे की येवल्याला. तुम्हा तिघा भावंडांचे गाल तिनंच शेकले असतील."

मैत्रीण आली, तीही तेच म्हणाली. शेवटी दुसऱ्या दिवशी मी लेकीच्या डोक्याला-गालांना मफलर बांधला आणि एस.टी.नं येवल्याला गेले. वाटेत निफाडपर्यंत ती माझ्या मांडीवर झोपली. तिचा कढत श्वास पोटाला लागत होता आणि मी मनात म्हणत होते, आईनं नुसतं 'राहा' म्हणावं, मी राहते. पण आईनं पोरीच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "जाय तू. मी हाये ना. लग्न झाल्यापासून कुठं गेलीस?"

दादा मागावरून उठून आला. आमचं घर पैठणीवाल्यांचं. पुढच्या खोलीत माग, मागं संसार. त्यानंही मान डोलावली. दुपारी लेकीचा डोळा लागला तेव्हा मी मागच्या दारानं निघाले. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रडली असती आणि मग माझा पाय निघाला नसता, एवढाच हिशेब मी केला. स्टँडवर येईपर्यंत मला तो हिशेब चुकल्याचं कळलं होतं, पण एस.टी. लागलेली होती.

गाडीत भाऊजींनी पत्ते काढले. यजमान आणि ते हरत-जिंकत ओरडत होते. मैत्रिणीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, द्राक्षांची पेटी उघडली. मी खिडकीशी बसले होते, पण बाहेर काय गेलं ते मला आजही सांगता येणार नाही. भोपाळच्या पुढं समोरच्या बाकावर एक बाई आल्या. बोलता बोलता मी त्यांना लेकीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गालगुंडात कान जातात हो कधीकधी. आमच्या नणंदेच्या मुलीचा एक कान कायमचा गेला. ताप लवकर उतरला तर बरं, नाहीतर जपावं लागतं." आणि त्या निवांत झोपल्या. मी मात्र त्या क्षणापासून पार जम्मूपर्यंत जागीच होते म्हटलं तरी चालेल.

जम्मूहून श्रीनगरची बस दिवसभर घाटातून जाते. सगळे दऱ्या बघत होते. मी प्रत्येक थांब्यावर उतरून फोन कुठं आहे ते विचारत होते. यजमान पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा गप्प राहिले, तिसऱ्यांदा म्हणाले, "अगं, अजून दोन दिवस झाले फक्त."

गुलमर्गला पोचलो तेव्हा दुपार होती. एवढा पांढरा रंग मी कधी पाहिला नव्हता. डोळे दुखायला लागले. हट लाकडाचं, मधोमध बुखारी नावाची पत्र्याची शेगडी. तिच्यात लाकडं घातली की खोली तापते आणि धूर नळीतून छपराबाहेर जातो. पोरगी, म्हणजे मैत्रिणीची मुलगी, सामान ठेवायच्या आत बाहेर पळाली आणि कंबरेपर्यंत बर्फात रुतली. सगळे हसले. मी यजमानांना म्हटलं, "पोस्ट ऑफिस कुठंय विचारा ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला शिकवायला एक काश्मिरी गृहस्थ आले. पन्नाशीचे, अंगात फेरन म्हणजे लांब घोळदार लोकरी झगा, चेहरा उन्हानं रापलेला. सगळे त्यांना मास्टरजी म्हणायचे. त्यांनी आमच्या पायांत जड बूट चढवले आणि बुटांना लांब लाकडी पट्ट्या अडकवल्या. मी साडीच्या आत यजमानांची पँट घातली होती. मास्टरजींनी एकदा साडीकडे पाहिलं, एकदा डोंगराकडे पाहिलं. दोन वेळा पडल्यावर साडीचा काठ ओला होऊन गोठला आणि पापडासारखा कडक झाला. मी हटमध्ये जाऊन साडी सोडून ठेवली. पँट-स्वेटरवर बाहेर आले तेव्हा मैत्रीण टाळ्या वाजवायला लागली. मला हसायला आलं नाही.

"घुटने मोड़ो, बहनजी," मास्टरजी ओरडायचे. "पहाड़ को मत देखो. आगे देखो."

पुढं काय बघायचं? मला पुढं येवल्याची मागची खोली दिसायची. मी पडायचे, उठायचे, पुन्हा पडायचे, आणि दर वेळी उठताना पोस्ट ऑफिसच्या दिशेला बघायचे.

कॉल त्याच दुपारी लागला. येवल्याला आमच्या घरी फोन नव्हता; दोन दारं सोडून पैठणीच्या एका व्यापाऱ्याच्या दुकानात होता. तिथं निरोप द्यायचा, मग दादा येणार, मग बोलणं. अडीच तास मी त्या पोस्टाच्या बाकावर बसले होते. पाय बधिर झाले. शेवटी पोस्टमास्तरांनी हात केला. फोनमध्ये वारा वाहत असावा तसा आवाज आणि त्याच्या पलीकडे, विहिरीच्या तळातून यावा तसा, दादा.

"दादा! कशी आहे ती?"

"हां, हॅलो! कोण, माई का?"

"मीच. ताप कसाय तिचा?"

"ताप ना... ताप उतरला... य."

"काय? उतरला नाय?"

खरखर. मग फक्त तुकडे आले. "...गाल हायेत अजून... काळजी... आई म्हणती..."

"दादा, कान? तिला ऐकू येतं ना नीट?"

"काय म्हणती?"

"कान! कान!"

लाइन तुटली. पोस्टमास्तर म्हणाले, आज आता पुन्हा लागायची नाही.

मी बाहेर आले. यजमान जिन्याखाली उभे होते. मी म्हटलं, "ताप उतरला नाय म्हणाला."

"नक्की?"

"मी माझ्या कानांनी ऐकलं."

आठ दिवस ताप. मी बोटांवर मोजले. त्या रात्री बर्फ पडायला लागला तो सकाळपर्यंत पडतच राहिला. उजाडलं तेव्हा टंगमर्गकडे उतरणारा रस्ता बंद झाला होता आणि तारा तुटल्यामुळे गुलमर्गचा फोनही मेला होता. मी बॅग भरून दारात ठेवली होती. ती तिथंच राहिली.

तो दिवस मी कसा काढला हे यजमानांना विचारावं. मी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होते. बुखारीत लाकूड घालायचे, काढायचे. खिडकीची काच पुसायचे, वाफ धरली की परत पुसायचे. यजमान शेवटी वैतागले.

"तुला यायचंच नव्हतं तर तसं सांगायचं होतं."

"सांगितलं होतं."

"असं नाही. ठाम सांगायचं होतं."

"कपाटात कपडे ठेवत होते ते काय होतं मग?"

 भाऊजी पत्ते पिसत बसले होते, त्यांनी पिसायचे थांबवले. मैत्रीण मुलीला घेऊन बाहेर गेली. तिचं तोंड उतरलेलं मला दिसलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. त्या मुलीचे गाल थंडीनं लाल झाले होते, धडधाकट होते, आणि खरं सांगायचं तर मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं झालं. रस्ता अजून बंदच. नाश्त्याला बसलो असताना यजमान एकाएकी म्हणाले, "मी खाली जातो. टंगमर्गचा फोन चालू असेल."

"खाली कसे जाणार?"

"चालत. झाडीतून पायवाट आहे म्हणतात मास्टरजी. त्यांचा भाऊ दूध आणायला उतरतोच आहे, त्याच्याबरोबर जातो."

भाऊजी उठले. "मीही येतो."

मी म्हटलं, "मीही."

"तू नको," यजमान म्हणाले. रागानं नाही. बुटांच्या नाड्या बांधत होते. कुठल्याही डोंगरावर कधी हौसेनं न चढलेला माणूस. पांडवलेण्यांच्या पायऱ्यांनाही धापा टाकायचा. दोघं त्या माणसामागं देवदारांच्या झाडीत शिरले. बराच वेळ यांची माकडटोपी दिसत होती, मग तीही दिसेना.

आता दोन माणसांची काळजी. मी दारात उभी राहिले. मैत्रीण माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात माझे बूट होते.

"घाल."

"मला नको."

"अगं, ते संध्याकाळपर्यंत येत नाहीत. तोवर तू या दारात उभी राहणार? परवापासून तू इथं नाहीस आणि आम्हालाही इथं राहू देत नाहीस. माझी पोर मला विचारते, मावशी माझ्यावर चिडली का?"

ती शाळेत मुलांना रागावते तशी रागावली होती. मला एवढा संताप आला की मी बूट तिच्या हातातून ओढून घेतले आणि घातले. तिला दाखवायलाच घातले. मास्टरजी खालच्या उतारावर होते. मी आडव्या पावलांनी, पट्ट्या आपटत, एकटी वर चढले. आदल्या दिवशीच्या नव्या बर्फात मला चढायला अर्धा तास लागला. वर पोचले तेव्हा घामाघूम झाले होते.

"घुटने," मास्टरजी खालून ओरडले.

मी गुडघे वाकवले आणि स्वतःला सोडून दिलं.

पहिल्यांदा पडले. पुन्हा चढले. दुसऱ्यांदाही पडले, तोंडात बर्फ गेला. रागच होता अंगात, दुखत काहीच नव्हतं. तिसऱ्यांदा मी पडले नाही. पट्ट्या सरळ राहिल्या, उतार पायाखालून मागं सरकायला लागला, वेग आला आणि वेगाबरोबर एक आवाज आला. रेशीम फाडताना येतो तसा, बारीक, लांबलचक. कानांवरून वारा गेला. मी ओरडले. भीतीनं नाही. खाली पोचले तर थांबायचं कसं ते माहीत नव्हतं म्हणून मास्टरजींच्या अंगावर जाऊन आदळले, आणि ते म्हणाले, "शाबाश, बहनजी, शाबाश, पर मुझे तो छोड़ दो."

मी हसले. पोट धरून हसले. आणि परत वर चढले. परत. आणि परत. किती वेळा ते नाही आठवत. एकदा मैत्रिणीचा हात धरून दोघी उतरलो आणि दोघी आपटलो. एकदा तिच्या मुलीशी शर्यत लावली. दुपारचं ऊन पडलं होतं. समोरच्या डोंगरांची टोकं कापून लावल्यासारखी स्वच्छ होती. माझ्या अंगात पंधरा वर्षांपूर्वीची, येवल्याच्या गल्लीत लंगडी खेळणारी पोरगी उतरली होती आणि तिला मूलबाळ काही नव्हतं.

मग केव्हातरी मैत्रिणीची मुलगी बर्फात बसकण मारून ओरडली, "मावशी, बघा ना माझ्याकडे!"

लहान मुलीचा आवाज. मी जागच्या जागी थांबले. कधी न जमलेलं थांबणं त्या क्षणी बरोबर जमलं. मला लेक आठवली, आणि तिच्याबरोबरच हेही कळलं की गेला कितीतरी वेळ मला ती आठवली नव्हती. ती नाही, तिचा ताप नाही, झाडीत शिरलेला नवराही नाही.

मी पट्ट्या सोडल्या, हटकडे गेले आणि बुखारीजवळ बसले. मैत्रीण मागोमाग आली नाही. बरं झालं.

ऊन कलायला लागलं तेव्हा दोघं परत आले. यजमानांची पँट मांडीपर्यंत ओली होती, ओठ निळे पडले होते. दारातूनच म्हणाले, "उतरलाय."

मला कळेना.

"अगं, ताप उतर-लाय. उतरला नाय असं नाही. तो परवाही तेच सांगत होता. ताप गेल्याला चार दिवस झाले. गाल थोडे आहेत अजून. कान उत्तम आहेत. आई म्हणाल्या, नको ते सगळं ऐकू येतं तिला. दिवसभर मागाखाली बसून दादाला पिडते."

भाऊजी दाराला टेकून हसत सुटले. "वहिनी, एका 'न'साठी आम्ही डोंगर उतरलो आणि चढलो!"

मीही हसले, मग रडले. यजमानांनी समजून घेतलं की सुटकेचं रडू आहे. मी त्यांचे ओले मोजे काढले, पाय पुसले, बुखारीजवळ बसवलं. त्यांना चहा करून दिला. ते सांगत होते: पायवाटेवर दोनदा घसरले, एकदा नाल्यात पाय गेला, टंगमर्गच्या पोस्टात दोन तास. मी ऐकत होते आणि मनात फक्त एकच गोष्ट फिरत होती. बातमी नंतर आली. मी हसत होते ते त्याच्या आधी. तेव्हा माझ्या लेखी पोरीला दहा दिवसांचा ताप होता.

पुढचे दोन दिवस सगळे मजेत होते. मी बर्फावर गेले नाही. पाय मुरगळला असं सांगितलं.

परतीच्या गाडीत, झाशी गेल्यावर, मैत्रीण माझ्या बाकावर येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी उतारावर तू हसत होतीस ना, तशी मी तुला एवढ्या वर्षांत पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं."

तिला चांगलंच म्हणायचं होतं. पण मला वाटलं, तिनं मला चोरी करताना पाहिलं. मी म्हटलं, "सारखं सारखं काय तेच?" आणि तोंड फिरवलं. भुसावळपर्यंत आम्ही बोललो नाही. तिथं तिनं केळी घेतली आणि त्यातलं एक माझ्या मांडीवर ठेवलं. मी ते खाल्लं. आमच्यात माफी मागायची रीत तेवढीच होती. पण खरं काय झालं ते मी तिला कधीच सांगितलं नाही, पुढं तिची बदली झाली, कॉलनी सुटली, तरीही.

मनमाडला मी एकटीच उतरले. बाकीचे सामान घेऊन पुढं नाशिक रोडला गेले. स्टँडवरून येवल्याची एस.टी. धरली आणि दुपारी घरी पोचले. लेक मागाशेजारी बसून दादाला रंगीत रिळं देत होती. गाल पूर्ववत झाले होते, जरा वाळली होती. मी दारात उभी राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा रिळांकडे पाहिलं.

"आई आली बघ," दादा म्हणाला.

"मला माहितीये," ती म्हणाली आणि दादाला हिरवं रीळ दिलं.

मी जवळ गेले, उचलून घेतलं. ती अंग ताठ करून राहिली. रडली असती, मारलं असतं, तर मला सोसलं असतं. खाली ठेवल्यावर ती मागं आजीकडे निघून गेली. मी म्हटलं, "उद्या जायचं हं आपल्या घरी." आतून आवाज आला, "मी नाही येणार."

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी शेजारी पाटावर बसले होते. आई म्हणाली, "सांग की काही. बर्फ कसा असतो?"

मी काहीतरी सांगायचं म्हणून सांगायला लागले. बूट किती जड, साडी कशी पापड झाली, मास्टरजींच्या अंगावर कशी आदळले. सांगता सांगता हातवारे करायला लागले. आईची भाकरी तव्यावर करपली, इतकी ती हसली. लेक दाराच्या चौकटीला पाठ लावून बसली होती, तोंड दुसरीकडे करून. मी तिच्याकडे न बघता बोलत राहिले. पुढचं सांगावं की नाही अशा ठिकाणी येऊन अडखळले आणि थांबले.

"मग?" ती म्हणाली. तोंड अजून तिकडेच होतं.

"मग काय, परत वर चढले."

"पडलीस?"

"नाही. त्या वेळेला नाही पडले."

 ती सरकत सरकत चुलीपाशी आली, माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसली आणि आजीला म्हणाली, "मला पण भाकरी."

दुसऱ्या दिवशी ती आली नाहीच. मी आणखी दोन दिवस येवल्याला राहिले, तेव्हा कुठं ती एस.टी.त बसायला तयार झाली.